टेकूंमागची खोली

२ डिसेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण सध्या आपल्या घरात आडवं पडायला जागा नाही. उभ्यानंच नमस्कार घ्या.

धाकट्या जावेचं इतक्या वर्षांनी पत्र आलं म्हणजे हिला काहीतरी हवं असणार, असं तुम्हाला वाटेल. मला काही नकोय. तुम्ही माझा फोन घेत नाही. भाऊजी घेतात आणि "बघतो" म्हणून ठेवतात, आणि भाऊजींचं बघणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घरात एक बदल केलाय, तो बाहेरच्या कुणाकडून तुमच्या कानावर जायला नको, म्हणून हे पत्र.

पुढच्या दोन खोल्यांवरचे पत्रे काढून स्लॅब टाकला. पत्र्यांची चाळण झाली होती. जरा पाऊस आला की घरातली झाडून सगळी भांडी जमिनीवर मांडायची आणि स्वयंपाक कशात करायचा याचा विचार करत बसायचं. तुमच्या अर्ध्या भागाला हात लावलेला नाही. तुमचं कुलूप, तुमची पायरी, सगळं जिथल्या तिथं आहे. पायरी मी अधूनमधून झाडते.

काँक्रीट आमच्याच प्लांटचं आणि मिश्रण माझं. तुम्ही इथे होतात तेव्हा मी लॅबमध्ये हमालासारखे काँक्रीटचे ठोकळे उचलायचे. आता लॅब माझ्या हाताखाली आहे. हे आपोआप बसणारं काँक्रीट. यात व्हायब्रेटर घालून घुसळावं लागत नाही. ओतलं की स्वतःच सळ्यांमधून वाट काढत कोपऱ्यापर्यंत जातं. थोडं सिमेंट कमी करून त्या जागी वीजघरातली राख आणि पोलादाच्या भट्टीतली मळी दळून घालायची, की त्याला असा गुण येतो. बाबांना आवाज सहन होत नाही म्हणून मुद्दाम हे निवडलं. आता, आपल्या सासऱ्यांना आवाज सहन होत नाही हे तुम्हाला सांगणारी मी कोण! तुमच्या शिवणाच्या मशिनांनी ते पुरेपूर ऐकलंय.

भरायच्या दिवशी बाबा मागच्या खोलीतून सारखे ओरडत होते. "ठोकत नाहीत, हलवत नाहीत, हे काँक्रीट आहे का खळ?" जन्मभर सेंट्रिंगचा धंदा केलेला माणूस, त्याला फळ्यांशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास नाही. फळ्यांच्या एका फटीतून काँक्रीटचं पातळ पाणी खाली सोफ्यावर ठिबकलं, तेव्हा बाबांना जो आनंद झाला तसा मी त्यांना माझ्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता.

आता दोन्ही खोल्यांत टेकू उभे आहेत. हात पसरले तर दोन्ही हातांना एकेक लागतो. धडधाकट माणूस अंग चोरून जातो, पण बाबांची चाकाची खुर्ची जात नाही. पडल्यापासून ते खुर्चीतच आहेत, भाऊजींनी सांगितलं असेल. मागच्या खोलीतून बाहेर पडायला वाट ही एवढीच. दुसरं दार तुमच्या खोलीत उघडायचं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं विटांनी बुजवलं, तुम्ही दोघं बाजारात गेला होतात त्या दुपारी. तेव्हा आता दोन आठवडे ते आत. त्यांनी हसत हसत कबूल केलंय.

काळजीचं काही नाही. बाकी ठीक.

तुमची धाकटी जाऊ


१८ डिसेंबर

ताई,

फोनवर तुमचा निरोप आला. "वाचलं." एवढंच. तुम्ही पहिल्यापासून कापड बेतून कापणाऱ्या, चिंधीसुद्धा वाया जायची नाही.

दोन आठवडे संपले. टेकू अजून उभे आहेत. थंडी यंदा फार आहे आणि थंडीत काँक्रीट मागे पडतं, त्यात विशेष असं काही नाही.

आणि ते "हसत हसत" मी पदरचं घातलं होतं. बाबांनी कबूल केलं ते दातओठ खाऊन. त्यांचा दिवस सगळा संध्याकाळसाठी असतो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानापुढे तीन म्हातारे जमतात, त्यांत हे चौथे. मी किंवा त्यांचं करायला येणाऱ्या मावशी खुर्ची ढकलत नेऊन सोडायचो. तिथे बसून सगळ्या जगाची उलटतपासणी घ्यायची आणि अंधार पडायच्या आत घरी. ते बंद झालं. ते तिघं एकदा इकडे आले होते. त्यांतले पोटानं थोर असलेले दुसऱ्या टेकूपाशी अडकले आणि तिथूनच "बरे व्हा" म्हणून परत गेले. बाबांना काही झालेलं नाहीये, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

मला ते आता नावानं हाक मारत नाहीत.

"प्रयोगशाळा! किती दिवस झाले?"

"अजून थोडे जातील, बाबा."

"मी दिवस विचारले. थोडे-फार नाही विचारले. अगं, जन्मभर चौदाव्या दिवशी स्लॅब खोलले मी. एक पडला नाही."

"तुमचं काँक्रीट वेगळं होतं."

"हो तर. आमच्यात सिमेंट असायचं."

मी चहा टाकायला जाते. चहा घेऊन परत येताना निम्मा बशीत सांडलेला असतो, कारण मधे टेकू.

तुम्ही म्हणाल, उचलून बाहेर का काढत नाही. मी म्हटलं त्यांना. शेजारचे चौघं तयार होते, सतरंजीत घालून अलगद नेऊ म्हणाले. बाबा म्हणाले, "चौघं मला एकदाच उचलणार. त्याच्या आधी नाही." झालं. हा माणूस स्वतःच्या चाकांवर बाहेर जाईल, नाहीतर जाणार नाही.

मावशीही काम सोडून गेल्या. कपाळावर दोनदा टेंगूळ आलं. "पगार घेऊन वर टेंगळं कोण घेईल?" म्हणाल्या, ते खरंच आहे. म्हणून मी रजा टाकलीय. प्लांटचे मालक रोज फोन करून विचारतात, "घरचा स्लॅब कसा काय?" आणि मी टेकूला धरून उभी राहते आणि म्हणते, "फर्स्ट क्लास."

एकदा बाबांपुढे बुजवलेल्या दाराचा विषय काढून पाहिला. म्हटलं, तिकडून वाट केली तर? ते म्हणाले, "त्या भिंतीचं नाव काढायचं नाही या घरात. पलीकडच्यांकडून मला काही नको." तुम्ही दोघं आता "पलीकडचे" आहात. नाव नाही, नातं नाही.

मी मागत नाहीये. नुसतं कळवलं.


३० डिसेंबर

ताई,

आज खरं लिहिते. खोटं लिहायला जो उत्साह लागतो तो संपलाय.

स्लॅब भरतात तेव्हा त्याच काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवतात, त्यांना क्यूब म्हणतात. ते लॅबच्या टाकीत पाण्यात मुरवायचे आणि ठरल्या दिवशी मशिनखाली फोडायचे, म्हणजे स्लॅबमध्ये किती दम आलाय ते कळतं. शनिवारी शेजारणीला बाबांजवळ बसवलं, लॅबमध्ये गेले आणि फोडले. उत्तम निघाले. माझ्या अंदाजापेक्षा उत्तम. मी नाचत घरी आले.

"उद्या वाट मोकळी करू," बाबांना म्हटलं. "मधल्या रांगेतले चार टेकू आणि त्यांच्यावरची, स्लॅबखालची लोखंडी प्लेट काढायची, खुर्ची जाईल एवढीच."

रविवारी बाबा सकाळपासून तयार. दाढी केली. इस्त्रीचा सदरा, वर स्वेटर, डोक्याला टोपी. पायांत बूट चढवून घेतले माझ्याकडून, खुर्चीत बसणाऱ्याला बूट कशाला हे मी विचारलं नाही. त्यांच्या हाताखालचा जुना सेंट्रिंगवाला हातोडा घेऊन आला होता, त्याला दारातून हुकूम चालू होते. "आधी मधला! मधून कडेला ये. उलटं केलंस तर तंगडी तोडीन." इतका खूश आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

चार टेकू निघाले, प्लेट निघाली. बाबा म्हणाले, "ढकलू नकोस," आणि स्वतः चाकं फिरवत निघाले. खोलीच्या मधोमध आले असतील, वर आवाज झाला. मोठा नाही. बोट मोडल्याएवढा. मी वर पाहिलं तर मोकळ्या केलेल्या पट्ट्यात एक भेग, केसाएवढी, इकडच्या टेकूपासून तिकडच्या टेकूपर्यंत.

मी किंचाळले, "बाबा, मागे!" बाबा जागचे हलले नाहीत. वर बघत म्हणाले, "आधी टेकू लाव. मी चाकं फिरवत बसलो तर वेळ जाईल. लाव म्हणतो ना!" आणि त्या माणसानं त्यांच्या भोवतीनं टेकू लावले, बाबा मधे टोपी घालून बसलेले. सगळे घट्ट झाल्यावर मग मागचे दोन परत सैल करून, खुर्ची इंचाइंचानं मागे घेऊन, ते परत आपल्या खोलीत. नंतर आणखी टेकू आणून लावले. आता मीसुद्धा श्वास आत घेऊन तिरकी जाते.

मग मला आठवलं, दोन क्यूब घाईत वर स्लॅबवरच राहून गेले होते. ते नेऊन फोडले. टाकीतल्यांच्या निम्म्या दमावर फुटले.

ताई, ही चूक लॅबमधला माणूसच करू शकतो, दुसऱ्या कुणाला जमणार नाही. लॅबची टाकी आम्ही नियमाप्रमाणे कोमट ठेवतो. माझे क्यूब उबदार पाण्यात डुंबत होते आणि स्लॅब उघड्यावर कुडकुडत होता. मी डुंबणाऱ्याला विचारलं, कसं काय? तो म्हणाला, मजेत. सिमेंट भरपूर असतं तर थंडीतही त्यानं रेटून नेलं असतं. राख आणि मळी आळशी, ऊब नसली तर उठतच नाहीत. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते.

आणि पहिल्या पत्रात "थोडं सिमेंट कमी" लिहिलं होतं ना? थोडं म्हणजे साठ टक्के. प्लांटचे मालक पस्तीसच्या वर जाऊ देत नाहीत, गिऱ्हाईक घाबरतं म्हणतात. दोन वर्षं मी त्यांच्याशी भांडतेय. लॅबमध्ये शंकूच्या साच्यात भरून, साचा उचलल्यावर ते काँक्रीट पसरताना बघाल तर तुम्हीही भांडाल; एकसारखं गोल पसरतं, कडेला पाण्याचा थेंब सुटत नाही, खडी मधे साचत नाही. म्हटलं, माझ्या घरावर टाकून दाखवते, मग बोला. दाखवायचं होतं मला, दुसरं काही नाही. शेवटी ते नेहमीच्या काँक्रीटपेक्षा घट्टच होईल, हे मी आजही लिहून देते. पण कधी? फेब्रुवारी सरेपर्यंत टेकूंना हात लावायचा नाही, एवढं आता मला कळलंय.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सिमेंट किती होतं त्यात?"

सांगितलं.

"लोक घर बांधतात आणि मग त्याची राखरांगोळी होते," ते म्हणाले. "तू आधीच घालून ठेवलीस."

एरवी असं काही बोलून ते स्वतःच हसतात. हसले नाहीत. बूट काढून घ्यायला मी वाकले तर पाय मागे घेतले.


७ जानेवारी

ताई,

बाबा आता हाक मारत नाहीत. किती दिवस झाले, विचारत नाहीत. खुर्ची भिंतीकडे तोंड करून लावून घेतात आणि बसतात. दाढी वाढलीय. मी "जेवता ना?" विचारलं की म्हणतात, "ठेवशील तसा राहीन." या माणसाच्या ओरडण्याला मी इतकी वर्षं वैतागले, आणि आता स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून कान लावून असते, ओरडतायत का. नाही ओरडत.

मीही अडकलेय, ताई. लाज सोडून लिहिते. रजा संपत आली. दुधाच्या दुकानाच्या पुढे मी गेलेले नाही. सकाळी उठून टेकूंमधून मागे जायचं, मागून पुढे यायचं, असं करून करून खांद्यांवर वळ उठलेत. तुमचे धाकटे दीर गेले तेव्हा माझी आई म्हणाली होती, चल घरी. मी म्हटलं, बाबांचं कोण करणार? स्वतःचं कौतुकही वाटलं होतं तेव्हा. लोकही म्हणायचे, सून असावी तर अशी. आता वाटतं, लोकांचं काय जातं म्हणायला!

तुमचा राग येतो मला. येऊ नये, पण येतो. बाजारातून पिशव्या घेऊन आलात, मधल्या दाराशी गेलात आणि समोर विटा. ओल्या सिमेंटचा वाससुद्धा गेला नव्हता. वाईट झालं, फार वाईट झालं, मशिनांचा आवाज नको म्हणून घरातल्या माणसाला कुणी असं भिंतीआड टाकत नाही. वर्षाच्या आत तुम्ही दोघं गाव सोडून गेलात. माझा नवरा गेला, त्याला स्मशानात न्यायच्या वेळी आलात तेव्हाही रस्त्यावरच उभ्या राहिलात, उंबरा ओलांडला नाहीत. सगळं मला मान्य. पण त्या भिंतीनं तुम्ही सुटलात, ताई. मी आतल्या बाजूला राहिले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मला काही नकोय. मला तुमच्या घराची किल्ली हवी आहे. त्या जुन्या दाराच्या विटा काढल्या की बाबांची खुर्ची तुमच्या खोलीतून सरळ रस्त्यावर निघेल. अर्ध्या दिवसाचं काम आहे. टेकू निघाले की मी दार परत बुजवून देईन, तुमच्या बाजूनं रंगसुद्धा लावून देईन. बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना विचारलं तर ते नाही म्हणतील, म्हणून विचारत नाही. तुम्हाला विचारते.


१६ जानेवारी

ताई,

कुरिअर मिळालं. कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली किल्ली आणि तुमची चिठ्ठी. "किल्ली तुला. वाट त्यांना हवी असेल तर त्यांनी मागावी."

आधी हसले, मग रडले, मग तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे ते मागणार नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं म्हणूनच लिहिलंत ना?

दुपारी बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून छिन्नी-हातोडा घेतला आणि पुढून वळसा घालून तुमचं कुलूप उघडलं. वाटलं होतं, रिकामं असेल. मशिनं सगळी आहेत, ओळीनं, चादरी घालून. भिंतीवर मापाची टेप टांगलेली आहे. आणि मधल्या दाराची चौकट तशीच आहे, तिच्यावर पडदा आहे. निळा, खाली झालर शिवलेला. मी पडदा बाजूला केला, मागे बाबांच्या विटा. एका सरळ रेषेत, सांधे मोजून मारावेत तसे. भांडून बांधलेली भिंतसुद्धा या माणसानं ओळंब्यात बांधलीय.

तुम्ही जाताना तो पडदा का नाही काढलात, ताई?

मी छिन्नी लावली होती. पलीकडे बाबा खोकले. इतक्या जवळ, की मी "पाणी देऊ का?" म्हणणार होते. मग छिन्नी खाली ठेवली. किल्ली मला, असं तुम्ही लिहिलं होतं. भिंत मला, असं लिहिलं नव्हतं.

परत येऊन त्यांना सांगून टाकलं. "ताईंनी किल्ली पाठवलीय."

"परत पाठव."

"त्या म्हणतात, वाट हवी असेल तर तुम्ही मागा."

"मेलो तरी मागणार नाही."

"मग मरा," मी म्हटलं.

आजवर त्यांना मी उलट शब्द बोललेले नव्हते. तोंडातून गेला. मला वाटलं, आता ताट फेकतील. ते म्हणाले, "चहा टाक."

चहा देताना मी पडद्याचं सांगितलं.

"कुठला पडदा?"

"दाराचा. तुमच्या विटांवर अजून तसाच आहे."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्याले नाहीत.

"धूळ बसली असेल."

"बसलीय."

मी मागायला सांगून बसले, ते मागत नाहीत, तुम्ही मागितल्याशिवाय देत नाही. तुम्हा दोघांच्या मधे एक टेकू लागतो, तो मी आहे, आणि मी थकलेय, ताई.


२२ जानेवारी

ताई,

काल सकाळी मागून हाक आली. "प्रयोगशाळा!" हातातली वाटी तशीच ठेवून मी गेले, वाटेत दोन टेकूंना धडकले.

बाबांनी खुर्ची वळवून घेतली होती. म्हणाले, "सुताराला बोलाव. आणि किल्ली देऊन पलीकडून चौकटीचं माप घ्यायला सांग. नुसतं माप. भिंतीला हात लावायचा नाही."

विचारलं तर मोडेल, असं वाटलं. सुतार आला, तुमच्याकडून माप घेऊन इकडे आला आणि तिरका तिरका होत बाबांपुढे येऊन उभा राहिला.

बाबा म्हणाले, "दार नवं. एकच फळी, जड नको. खाली उंबरा नको, खुर्ची अडते."

"कडी?" सुतारानं विचारलं.

"त्यांच्या बाजूला."

सुतार हसला. "अहो आजोबा, तिकडे राहतंय कोण? बंद घर आहे. कडी आतून लागते, तुमच्या बाजूला."

"मी काय म्हणालो?"

"बरं, मग दोन्हीकडे एकेक मारतो."

"इकडे काही नको. इकडे नुसतं दार."

सुतारानं माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं. मलाही राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, त्यांनी तिकडून कडी लावून टाकली तर? टेकू अजून महिनाभर निघत नाहीत."

"तर मी आत."

"मग उपयोग काय दाराचा?"

"मी भिंत घातली तेव्हा तिला विचारलं होतं?" ते म्हणाले. जोरात नाही म्हणाले. सुतार पट्टी गुंडाळायला लागला.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "कागद घे. थोरलीला लिही."

थोरलीला. मी पेन शोधायच्या निमित्तानं पुढच्या खोलीत गेले आणि जरा वेळानं परत आले.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "दारावरचं लिंटेल माझंच आहे, विटा काढल्या तर वरून काही येणार नाही. विटा मी काढीन, माझ्या बाजूनं. बसून हात पोचेल तिथपर्यंत मी, वरच्या धाकटी काढील. धूळ तिच्या खोलीत जाईल, मशिनांवर आणखी एकेक चादर घालू. आवाजाचं..." इथे ते थांबले. मी पेन धरून बसले. "आवाजाचं काही लिहू नकोस. ते मी बोलेन."

"आणि कडीचं लिहू?"

"मग काय शिवून पाठवणार आहेस?"

मी कडीचं लिहिलं. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, परत दिला.

"यात विचारलंय कुठे?" म्हणाले. "नुसतं सांगितल्यासारखं वाटतं. खाली लिही, सासरा विचारतोय म्हणून."

ताई, बाबा विचारतायत. अजून एकही वीट काढलेली नाही.